ऐतिहासिक कादंबरी व साधनांचें ऋण

सिंहगडास सिंहगड हें नांव कां पडलें, असें आपल्याकडील शाळेंतल्या कोणत्याहि मुलास विचारावें. बहुधा एकच उत्तर मिळेल. तानाजी मालुसरे कोंडाणा घेतांना पडला, आपला सिंह गेला म्हणून महाराजांनीं शोक केला, आणि त्याच्या स्मरणार्थ कोंडाण्याचा सिंहगड झाला. उत्तर ऐकावयास गोड आहे, त्यांत कृतज्ञता आहे, आणि मुलांच्या मनावर तें चटकन् ठसतें. फक्त तें खरें नाहीं. गड घेतला गेला तो शके १५९१ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजीं. ३ एप्रिल १६६३ चें, म्हणजे शाएस्तेखानावरील छाप्याच्या दोनच दिवस आधींचें, महाराजांचें एक पत्र उपलब्ध आहे. सिंहगडावर फितवा झाल्याची बातमी आली आहे, तरी तिकडे त्वरेनें जावें, अशी आज्ञा त्यांत मोरोपंत व निळोपंत यांस केलेली आहे. गडाचें नांव त्या पत्रांत सिंहगड असेंच आहे. तानाजी त्यानंतर जवळजवळ सात वर्षांनीं पडला.

ही चूक दुसऱ्या कोणाच्या पदरीं बांधण्यापूर्वीं आपल्या पदरीं ती किती येते, हें सांगणें आम्हांस प्राप्त आहे. आम्हीं एका तालुक्याच्या गांवीं तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत शिकविलें, आणि शिक्षक कमी पडले म्हणजे इतिहासाचे तासहि घेतले. दर वर्षीं माघांत तानाजीची गोष्ट सांगावयाची आणि गडाच्या नांवाची ही उपपत्ति सांगून तास संपवावयाचा, असा आमचा परिपाठ होता. ती आपणांस कोणत्या ग्रंथांत मिळाली, असें कोणी विचारलें असतें तर आम्ही निरुत्तर झालों असतों. कारण ती आम्हांस ग्रंथांत मिळालीच नव्हती. लहानपणीं वाचलेल्या एका कादंबरीचें नांव आणि मनांत राहिलेला शोकाचा प्रसंग यांतून ती आपोआप तयार झाली होती. सेवानिवृत्तीनंतर छापील पत्रसंग्रह चाळतांना वरील पत्र वाचनांत आलें, तेव्हां आतांपर्यंत किती मुलांना आपण हें सांगितलें, हाच विचार प्रथम मनांत आला. त्या मुलांपैकीं एक आज स्वतः शिक्षक आहे. त्यास पत्रानें विचारलें, तों 'गुरुजी, आपण सांगितलें तेंच मी मुलांना सांगतों,' असें त्याचें उत्तर आलें. प्रस्तुत लेख लिहिण्याचें खरें कारण हें उत्तर होय.

ती कादंबरी म्हणजे हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला'. ती १९०३ च्या सुमारास लिहिली गेली. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यापूर्वीं पांचच वर्षें, १८९८ त, निघाला होता. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना व्हावयास अजून सात वर्षें होतीं. तेव्हां पुढें उजेडांत आलेल्या कागदांचा जाब हरिभाऊंस विचारणें अन्यायाचें होईल. सिंहाची उपमाहि त्यांनीं निर्माण केली असें नव्हे. ग्रँट डफच्या १८२६ त प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत ती आहेच. परंतु इतिहासाच्या जाड पुस्तकांत पडून राहिलेली उपमा घरोघर नेण्याचें सामर्थ्य कादंबरींत असतें, आणि येथें तसेंच झालें. म्हणून या एकाच प्रसंगावरून कादंबरीकार व साधनें यांचा संबंध कसा असावा, तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम साधन काय म्हणतें तें पाहूं. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली ती या घटनेनंतर सुमारें पाव शतकानें. त्यांतील हकीकत फार थोडक्यांत आहे. तानाजी पांचशें माणूस घेऊन गडाखालीं गेला. दोघे चांगले मर्द मावळे निवडून त्यानें रात्रीं कड्यावर चढविले. ते वानरासारखे चढून गेले. त्यांनीं वरून माळ लावली आणि तिच्या आधारानें तानाजीसुद्धां तीनशें माणूस वर गेलें. उदयभान रजपूत आपले लोक घेऊन लढला. तो व तानाजी एकमेकांच्या हातून पडले. तानाजीचा भाऊ सूर्याजी यानें लोक सांवरून गड घेतला. एक गड घेतला पण एक गड गेला, अशा अर्थानें राजे कष्टी झाले असें बखरकार सांगतो. त्याच्या लेखीं तानाजी हा सिंह नव्हता. तो गडच होता.

यानंतर तुळशीदास शाहिराचा पोवाडा पाहावा. त्यांत रायबाचें लग्न येतें, ऐंशी वर्षांचा शेलारमामा येतो, आणि कड्यावर चढणारी घोरपड येते. पोवाडा हा मैफलींत उभ्यानें गाण्याचा प्रकार असल्यामुळें त्यास असे अलंकार शोभतात, आणि त्यांबद्दल आमची शाहिराशीं तक्रार नाहीं. तथापि बखर व पोवाडा शेजारीं ठेवून वाचले असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सभासदाच्या हकीकतींत प्रथम कड्यावर चढणारे दोघे मावळे आहेत. अंधाऱ्या रात्रीं, आधारास दोर नसतां, नुसत्या हातापायांच्या बळावर ते कडा चढले. वर पहारेकरी जागा असता तर पहिला घाव त्यांवरच पडावयाचा. पोवाड्यांत घोरपड आली आणि हे दोघे लोकांच्या स्मरणांतून नाहींसे झाले. आज घोरपड सर्वांना ठाऊक आहे. त्या दोघांविषयीं विचारलें तर शंभरांत एकास सांगतां येणार नाहीं. कल्पनेनें इतिहासांत भर घातली असें आपण सहज म्हणतों. येथें तिनें दोन माणसें काढून त्यांच्या जागीं एक जनावर बसविलें. म्हणजे भर न पडतां तूटच झाली.

आतां कादंबरीकडे वळूं. हरिभाऊंनीं कथेस कमलकुमारी ही रजपूत स्त्री दिली. ती सती जावयास निघाली असतां उदयभान तिला बळानें पकडून नेतो, आणि गड सर होण्याशीं तिच्या सुटकेचा धागा जोडलेला आहे. बखरींत अशा स्त्रीचा मागमूस नाहीं. कथाकार या दृष्टीनें हरिभाऊंचें कौशल्य येथें मान्य केलेंच पाहिजे. गडाच्या तटाआंत एक अबला अडकली आहे, हें एकदां कळलें म्हणजे वाचकाचें लक्ष पुस्तकाच्या शेवटापर्यंत हलत नाहीं. परंतु या योजनेची किंमत दोन ठिकाणीं द्यावी लागली. पहिली अशी कीं, कोंडाणा परत घेण्याचें कारण वाचकाच्या मनांत बदललें. पुरंदरच्या तहानें १६६५ त जे तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले त्यांत कोंडाणा होता, आणि १६७० त ते परत घेण्याची मोहीम सुरू झाली, हें त्या लढाईचें कारण. कादंबरी मिटतांना मनांत राहतो तो मात्र एका दुष्टाचा पारिपत्य. दुसरी किंमत अधिक जड आहे. उदयभान हा कल्पित पुरुष नव्हे. बखरींतून त्याच्याविषयीं इतकेंच निघतें कीं, तो गडाचा अंमलदार होता आणि आपल्या धन्याचें काम करीत गड लढवितांना पडला. कादंबरीनें त्यास स्त्रीचें हरण करणारा केलें. मेलेल्या माणसास फिर्याद करतां येत नाहीं. या कादंबरीवरून १९३३ त प्रभात कंपनीनें 'सिंहगड' हा बोलपट काढला. आणि २०२० च्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटांतहि उदयभानाच्या कैदेंतील रजपूत स्त्री आहेच. शंभरांहून अधिक वर्षें हा आरोप त्याच्या नांवावर चालूं आहे.

यावर संस्कृतज्ञ वाचक आम्हांस आमच्याच शास्त्रानें अडवितील, हें आम्ही जाणून आहों. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, इतिहासांतून घेतलेल्या कथेंत रसाला प्रतिकूल असा भाग असेल तर कवीनें तो टाकावा व रसाला उचित अशी दुसरी कथा मध्यें कल्पावी. केवळ हकीकत सांगणें हें कवीचें प्रयोजन नव्हे, कारण तें काम इतिहासानें झालेलेंच असतें. धनंजयानें दशरूपकांत कथावस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य व मिश्र असे तीन प्रकार सांगून, नायकास अथवा रसास अनुचित असेल तें वगळावें किंवा वेगळ्या रीतीनें मांडावें, अशी मोकळीक दिली आहे. कुंतकानें तर कवीच्या अशा नवनिर्मितीचें उदाहरण म्हणून शाकुंतलांतील दुर्वासाच्या शापाचाच गौरव केला आहे. महाभारताच्या आदिपर्वांतील दुष्यंत शकुंतलेस पुरता ओळखतो आणि जाणूनबुजून नाकारतो. कालिदासानें शाप व अंगठी आणून तो दोष धुऊन काढला. मग कालिदासास जें चाललें तें हरिभाऊंस कां चालूं नये?

हा प्रश्न आम्हीं पुष्कळ दिवस मनांत घोळविला, आणि आमच्या मतें त्याचें उत्तर कवीच्या अधिकारांत नसून वाचकाच्या स्थितींत आहे. कालिदासाच्या प्रेक्षकास भारतांतील मूळ आख्यान ठाऊक होतें. दुर्वासाचा शाप मुळांत नाहीं, हें समजूनच तो त्याचा आस्वाद घेई. मूळ व नवीन हीं दोन्ही त्याच्यापुढें असत, आणि त्यांमधील अंतर हाच त्याच्या आनंदाचा एक भाग होता. शापानें भारतांतील आख्यान खोटें ठरलें नाहीं. तें आजहि तेथें जसेंच्या तसें आहे. आनंदवर्धन, इतिहासानें तें काम झालेलेंच आहे, असें म्हणतो, तेव्हां त्यानें हेंच गृहीत धरलें आहे. आमच्या कादंबरीच्या वाचकाची स्थिति तशी नाहीं. १६६३ चें पत्र त्याच्या घरीं नसतें. सभासदाची बखर त्यानें पाहिलेली नसते. त्याच्यापाशीं एक कादंबरीच काय ती असते. जेथें मूळ ठाऊक नाहीं तेथें नवीन तेंच मूळ होऊन बसतें. म्हणून शास्त्रकारांनीं दिलेली मोकळीक आम्ही नाकारीत नाहीं. ती ज्या अटीवर दिली होती ती अट आतां लेखकानें स्वतः पुरी केली पाहिजे, इतकेंच आमचें म्हणणें आहे. मूळ काय व आपलें काय, हें वाचकास कळेल अशी सोय त्यानें पुस्तकांतच करावी.

पण येथें उलट बाजूचा दोष उत्पन्न होतो, आणि अलीकडील होतकरू लेखकांत तो अधिक दिसतो. साधनें वाचलीं आहेत हें दाखविण्याच्या हौसेनें ते तीं पात्रांच्या तोंडून वदवितात. कड्याखालीं दोन मावळे दबा धरून बसले आहेत, आणि त्यांतील एक दुसऱ्यास सांगतो कीं, बाबा रे, पांच वर्षांपूर्वीं मिर्झाराजे जयसिंगाशीं झालेल्या तहांत आपण तेवीस किल्ले दिले, त्यांत हा कोंडाणा होता. हें वाक्य आम्हीं नमुन्यादाखल रचलें आहे, पण असे संवाद पानोपानीं भेटतात. दुसऱ्या मावळ्यास हें ठाऊक नव्हतें काय? तो हे बोल ऐकतच नाहीं. ते वाचकासाठीं आहेत, आणि वाचकासहि तें उमगून त्याचें मन उडतें. तीच माहिती कृतींतून यावी. तह होऊन गड मोंगलांस दिला, त्या अर्थीं गडावरील लोकांस आपलें बिऱ्हाड खालीं आणावें लागलें असेल. अशांपैकीं कोणी एक या पांचशांत आहे असें लेखकानें कल्पावें. कड्याचा कोणता भाग ठिसूळ, पाण्याचें टांकें कोणीकडे, पहारा कोठें बसतो, हें त्यास पायांनीं ठाऊक असेल, आणि वर गेल्यावर आपल्या जुन्या घरापुढून तो हातांत तरवार घेऊन धांवेल. मग तहाचें वर्ष व किल्ल्यांची संख्या सांगितली नाहीं तरी तह काय होता तें वाचकास समजतें.

साधनांचा असा उपयोग करण्यास बारीक गोष्टी फार कामास येतात. लढाईची तिथि जेधे शकावलींत माघ वद्य नवमी अशी आहे. वद्य अष्टमीस चंद्र मध्यरात्रीस उगवतो, नवमीस त्यानंतर. हें कोणत्याहि पंचांगावरून समजेल. म्हणजे पूर्वरात्र सर्व काळोखाची. जो लेखक तिन्हीसांजेस गडावर चांदणें पाडील तो पंचांगानें पकडला जाईल. परंतु जो तिथि पाहील त्यास केवळ चूक टळल्याचा लाभ होतो असें नाहीं. चंद्र उगवण्याच्या आंत दोर बांधला गेला पाहिजे, ही घाई त्यास आयती मिळते. ती घाई घटकांनीं व प्रहरांनीं मोजावी. दिवसरात्रीच्या साठ घटका व आठ प्रहर या हिशेबानें जगणाऱ्या माणसास 'पांच मिनिटांत येतों' असें म्हणावयास लावूं नये. तसेंच साबुदाण्याची खिचडी जिजाबाईसाहेबांच्या उपवासास वाढूं नये, आणि तोड्याच्या बंदुकी हातीं असलेल्या काळांत कोणास आगकाडी ओढावयास लावूं नये. ती काडी निघाली एकोणिसाव्या शतकांत.

भाषेविषयीं आम्हां संस्कृतवाल्यांनींच अधिक सावध असावयास पाहिजे. शिवकालीन पात्रांस शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी बोलावयास लावलें म्हणजे त्यांस गौरव येतो, अशी समजूत आहे. महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यांत दहा वर्ग असून सुमारें १,४०० यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तो कोश करावा लागला याचाच अर्थ असा कीं, दरबारांत व छावणींत बोलणें फारशी शब्दांनीं भरलेलें होतें. पेशवे, मुजुमदार, सुरनीस, डबीर यांस प्रधान, अमात्य, सचिव, सुमंत हीं नांवें १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं रूढ केलीं गेलीं. १६७० च्या मसलतींत तीं नांवें घालणारा लेखक महाराजांनीं पुढें केलेलें एक मोठें कार्य आधींच झालें होतें असें दाखवितो, आणि त्या कार्याचें महत्त्व नकळत कमी करतो.

इतकें सर्व पाळलें तर कादंबरीची बखर होईल, अशी भीति कोणी व्यक्त करतील. आमचें म्हणणें उलट आहे. बखर जेथें अर्धी ओळ लिहून पुढें जाते, तेथें कादंबरीस सबंध रान मोकळें आहे. ते दोघे मावळे कोण होते, एकमेकांचे नात्याचे कीं नुसते शेजारी, तानाजीनें पांचशांतून त्यांसच कां निवडलें, चढतांना त्यांच्या मनांत काय होतें, यांविषयीं बखरकार गप्प आहे. तेथें लेखकानें जें कल्पावें तें कोणाचें हिरावून घेणार नाहीं. रा. भि. गुंजीकरांनीं १८७१ त 'मोचनगड' प्रसिद्ध करून मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ केला, तेव्हां किल्ला व मुख्य पात्रें कल्पितच घेतलीं. काळ मात्र शिवाजीचा ठेवला. तो मार्ग आपण लौकरच सोडला, याचें आम्हांस वाईट वाटतें. ज्यांस थोर पुरुषांवरच लिहावयाचें आहे त्यांनीं रणजित देसायांच्या 'श्रीमान योगी'कडे पाहावें. नरहर कुरुंदकरांनीं लेखकास लिहिलेलें दीर्घ चिकित्सक पत्र त्या कादंबरीस प्रस्तावना म्हणून जोडलेलें आहे. साधनांची चर्चा तेथें पुस्तकाच्या दाराशीं होते, व कथा आंत आपल्या गतीनें चालते. तेवढी विद्वत्ता सर्वांस साधणार नाहीं; पण अमुक पात्र व अमुक प्रसंग माझ्या कल्पनेंतला आहे, अमुक ठिकाणीं मीं साधन सोडलें आहे, असें सांगणारीं दोन पानें शेवटीं घालावयास कोणतीच अडचण नाहीं. ज्या खऱ्या माणसास आपण दुष्ट केलें असेल, त्याचें नांव त्यांत सर्वांत आधीं यावें.

संशोधकांनींहि आपल्याकडे पाहावें. कादंबरींतील चुका काढून हंसण्यांत आपला पुष्कळ वेळ जातो. १६६३ चें तें पत्र छापून किती वर्षें झालीं. तरी तें शाळेच्या एका वर्गांतहि पोंचलें नाहीं, याचा दोष कादंबरीकाराचा खचित नव्हे. साधनें छापणें हें अर्धें काम झालें. तीं मुलांस समजतील अशा भाषेंत सांगणें हें उरलेलें अर्धें काम आहे, आणि तें आपण दुसऱ्यांवर सोडून दिलें आहे.

गेल्या माघांत आमच्या त्या शिक्षक झालेल्या विद्यार्थ्यानें आम्हांस आपल्या शाळेंत बोलाविलें. तानाजीची हकीकत आम्हीं मुलांस सभासदाप्रमाणें सांगितली; गडाच्या नांवाविषयीं पूर्वीं आपली चूक झाली होती, हेंहि त्यांच्या शिक्षकांदेखत कबूल केलें. घोरपड नव्हती म्हटल्यावर मुलें थोडीं हिरमुसलीं. मग दोघे मावळे प्रथम चढले तें सांगितलें, तेव्हां मागल्या बांकावरील एका मुलानें विचारलें, 'त्यांचीं नांवें काय?' बखरकारानें तीं दिलेलीं नाहींत, असें आम्हीं सांगितलें. मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि आमचेंहि झालें नव्हतें. संशोधकानें तीं नांवें शोधीत राहावें. तीं सांपडेपर्यंत, हीं आपण ठेवलेलीं नांवें आहेत असें शेवटच्या पानावर स्वच्छ लिहून, एखाद्या समर्थ कादंबरीकारानें त्या दोघांस नांवें द्यावीं, अशी विनंती करून आम्ही हा लेख संपवितों.